शिकाऊ म्हणून परदेशात : माझे ओसाकातले सहा महिने आणि आजची आपली मुले

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाउसमध्ये दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला तो 'माझे जपानमधले दिवस'. मी त्यांना म्हटले, अहो, त्याला आता चाळीस वर्षे झाली. एवढ्या काळात जपान बदलला, बँका बदलल्या, आणि माझे केसही राहिले नाहीत. ते म्हणाले, तुम्ही बोला हो, लोकं ऐकतील. पण नुसत्या आठवणी सांगायच्या असत्या तर मी उभा राहिलो नसतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्याच सोसायटीतल्या तीन घरांतून मला जपानबद्दल विचारणा झाली. त्यातल्या एका घरातल्या मुलीने नर्सिंगचा कोर्स केला आहे. तिला तिकडे वृद्धांची देखभाल करायच्या कामावर जायचे आहे. एका एजंटाने तिच्या वडिलांकडे साडेचार लाख रुपये मागितले आहेत. वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत होता, जपानला राहून आलात. सांगा, पाठवू का पोरीला?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता आले नाही. म्हणून आजचे भाषण. त्या कुटुंबाची परवानगी घेऊनच हे सांगतोय, नाव घेत नाही.

आपल्यापैकी बरेच जण सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जातात. त्याचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर ते केले आहे. पाणी, दगड, छोटे पूल, सगळे कसे जिथल्या तिथे. तिथे एक चक्कर मारली की वाटते, काय सुंदर देश असेल! आहेच सुंदर. पण बागेत फिरणे वेगळे आणि त्या देशात सकाळी आठला कामावर हजर होणे वेगळे. पर्यटक बाग बघतो. शिकाऊ माणसाला बागेला पाणी घालावे लागते.

मी गेलो १९८५ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. बी.कॉम. झालेला, सी.ए.आय.आय.बी. च्या दोन्ही पार्टची परीक्षा दिलेला, फॉरेन एक्स्चेंज विभागात चार वर्षे काढलेला अधिकारी. आमच्या बँकेची ओसाकात शाखा होती. बँकेने मला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी निवडले : पहिले चार महिने तिथल्या एका जपानी बँकेत, पुढचे दोन आमच्या शाखेत. घरी पत्नी, चार वर्षांचा मुलगा आणि आई.

निघायची तारीख होती जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, २३ जून १९८५ ला एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने पडले आणि ३२९ माणसे गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानात चढवायच्या सामानात स्फोट झाला, त्यात सामान हलवणारे दोन जपानी कामगार गेले. आईने तेव्हापासून जेवण कमी केले. मला 'जाऊ नको' असे ती एकदाही म्हणाली नाही, पण बॅग भरताना ती बाजूला येऊन नुसती बसायची. आज मुलांना निरोप देताना तुमच्या पोटात जे कालवते, ते मला कळते ते यामुळे. मुलगी बावीस वर्षांची असो नाहीतर मुलगा पस्तीस वर्षांचा असो, निरोप देणाऱ्याला सारखेच.

जपानी भाषेत प्रशिक्षणार्थीला 'केन्शूसेई' म्हणतात. आपल्याकडे परदेशी ट्रेनिंग म्हटले की वातानुकूलित हॉल, पाहुणे व्याख्याते, फायली आणि शेवटी सर्टिफिकेट. तिथे पहिल्या दिवशी मला एक टेबल दिले आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या बाविशीच्या मुलाकडे बोट दाखवून सांगितले की याच्याकडून शिका. माझ्या हाताखाली पुण्यात बारा माणसे होती. इथे माझा गुरू कॉलेजातून मार्चमध्ये बाहेर पडलेला! पहिला आठवडाभर मी नोटा मोजायला शिकलो. जपानी कॅशियर नोटांचा गठ्ठा पंख्यासारखा पसरतात आणि बोटांनी पाच-पाचच्या घासाने मोजत जातात. बघताना वाटते जादूच आहे. माझा पंखा पहिले तीन दिवस होतच नव्हता, नुसता केळीच्या पानासारखा लोळायचा. तो मुलगा एकदाही हसला नाही. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे थांबून पुन्हा दाखवायचा.

तेव्हा तिथे कॉम्प्युटर आलेले होते, तरी कॅश काउंटरवर सोरोबान, म्हणजे मण्यांची पाटी, होतीच. सही कुणी करत नसे. प्रत्येकाचा स्वतःचा शिक्का, 'हान्को'. एखाद्या कर्जाचा प्रस्ताव खालून वर निघाला की त्यावर आठ-दहा लाल शिक्के जमा होत. वेळ भरपूर लागे. मला सुरुवातीला हा लालफितीचाच जपानी अवतार वाटला. पण एकदा शेवटचा शिक्का पडला की मग कोणी 'मला विचारलेच नव्हते' असे म्हणू शकत नसे आणि काम झपाट्याने होई. आपल्या सर्वसाधारण सभेत ठराव पाच मिनिटांत मंजूर होतो आणि पुढे दोन वर्षे त्यावर भांडण चालते. तिथे भांडण आधी, ठराव मागून.

संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, एक येनचा फरक असला तरी. यात मला नवल वाटले नाही. आपल्याकडेही क्लोजिंगच्या रात्री पंधरा पैशांसाठी पहाटे दोनपर्यंत लेजर चाळलेले लोक या हॉलमध्ये बसले आहेत. फरक पुढे होता. चूक सापडली की आमचे सेक्शन प्रमुख, त्यांना 'काचो' म्हणतात, एक कागद घेत आणि ज्याच्याकडून चूक झाली त्याच्याबरोबर बसून लिहून काढत की ती कुठल्या पायरीवर झाली. दुसऱ्या दिवशी व्हाउचर ठेवायच्या ट्रेची जागा बदललेली असे. चूक परत होऊ नये म्हणून माणसाला नव्हे, ट्रेला हलवायचे, ही गोष्ट मी तिथे पाहिली आणि पुढे शाखा सांभाळताना वापरली.

दुसरा एक शब्द तिथे रोज कानावर पडे, 'होरेनसो'. जपानीत होरेनसो म्हणजे पालक. मला आधी वाटले, मी शाकाहारी म्हणून मला पालक खायला सांगताहेत. नंतर कळले की हे तीन शब्दांचे आद्याक्षर आहे : होकोकु म्हणजे काम कुठवर आले ते वरिष्ठाला कळवणे, रेन्राकु म्हणजे इतरांना खबर देणे, सोदान म्हणजे अडले तर सल्ला घेणे. आपल्या मुलांना हे सर्वात जड जाते. आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते की अडलात तर स्वतः मार्ग काढा. तिथे गप्प बसून स्वतःच्या हुशारीने मार्ग काढणारा माणूस हुशार ठरत नाही, त्याची काळजी वाटते. जाणाऱ्यांनी हे पाठ करून जावे.

राहायला मला कर्मचाऱ्यांचे हॉस्टेल होते. सहा ताटामीची खोली, म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट. दारात चपला काढायच्या, हे आपल्याला शिकवावे लागले नाही. अंघोळीचे मात्र शिकावे लागले : आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचे आणि मग सगळ्यांनी त्याच गरम पाण्याच्या टाकीत एकामागून एक बसायचे. पहिल्या दिवशी मी टॉवेल गुंडाळून तसाच उभा राहिलो. दुसऱ्या आठवड्यात मला त्याची चटक लागली.

जेवणाचे हाल झाले. जपानमध्ये भाजीसुद्धा शाकाहारी असेलच असे नाही, कारण आमटीच्या, रश्शाच्या मुळाशी 'दाशी' असते आणि ती बहुधा सुकवलेल्या माशाची. शेवटी कोबेचा शोध लागला. ओसाकाहून लोकलने अर्धा-पाऊण तास. तिथे सिंधी, पंजाबी, गुजराती व्यापारी कित्येक वर्षांपासून राहतात. कोबेतले जैन मंदिर त्याच वर्षी, १९८५ मध्येच झाले. तिथल्या एका दुकानात मला तूरडाळ आणि हिंग मिळाला आणि त्या दिवशी हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात मी वरण केले. हिंगाचा वास आल्यावर दोघे जण धावत आले, त्यांना वाटले गॅस गळतोय. पण तांदूळ चिकट आणि मऊ, त्यामुळे वरणभात छान लागला. आणि तिथल्या मिठाईत लाल अझुकी डाळीचे गोड सारण असते, ते खाल्ले की पुरणाची आठवण येते. तेवढ्यावर मी सण भागवले.

घरी फोन करणे परवडत नसे. एअरोग्राम लिहायचा, तो दहा-बारा दिवसांनी पोचायचा, उत्तर यायला तेवढेच. मुलाला ताप आला हे मला तो शाळेत परत जाऊ लागल्यावर कळायचे. आता तुम्ही व्हिडिओ कॉलवर रोज बोलाल, पण मी सांगतो, एकटेपणा फोनने पूर्ण जात नाही. रविवार दुपार कशी घालवायची याचा विचार जाण्याआधीच करून ठेवावा.

आता मूळ मुद्दा, पैशाचा. बँकवाला माणूस, तिकडे येणारच!

मी गेलो तेव्हा डॉलरला साधारण २४० येन मिळत होते. आपल्या हिशेबात १०० येन म्हणजे जेमतेम पाच रुपये. २२ सप्टेंबर १९८५, रविवार. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन या पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी ठरवले की डॉलर खाली आणायचा. सोमवारी जपानमध्ये सुट्टी होती, त्यामुळे तिथला बाजार बंद. मंगळवारी सकाळी आम्ही ऑफिसात आलो तर काचो आधीच येऊन बसलेले, आणि टेलेक्स मशीन थांबतच नव्हते. त्या एका दिवसात येन दहा-बारा येनने वधारला. वर्षअखेर डॉलर २०० च्या आसपास आला आणि पुढच्या उन्हाळ्यात १५५ च्या.

ओसाकाच्या दक्षिणेला सेन्शू म्हणून भाग आहे, तिथे टॉवेल विणायचा जुना धंदा. त्या आठवड्यात तिथला एक छोटा कारखानदार आमच्या काउंटरवर आला. त्याने अमेरिकेला माल पाठवला होता, बिल डॉलरमध्ये, पैसे तीन महिन्यांनी यायचे. सूत, मजुरी, वीज, सगळा खर्च येनमध्ये होऊन गेलेला. डॉलर जितका खाली जाईल तितके त्याच्या हातात येणारे येन कमी. त्याने फॉरवर्ड कव्हर घेतलेले नव्हते, म्हणजे आजचा भाव पुढच्या तारखेसाठी बांधून घेतलेला नव्हता. वयस्कर माणूस, साठीचा. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. काचोंनी त्याच्याबरोबर दीड तास बसून प्रत्येक बिलाची तारीख लिहून काढली. जाताना दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिले. त्याचा कारखाना पुढे राहिला की बंद पडला, मला कळले नाही. पण 'एन्दाका', म्हणजे येन महाग होणे, हा शब्द मी त्याच्या चेहऱ्यावरून शिकलो. पुस्तकातून तो तसा कळला नसता.

हे शिक्षण मला उपयोगी पडले ते सोलापुरात. परत आल्यावर काही वर्षांनी माझी बदली तिथे झाली. सोलापूर म्हणजे चादरी आणि टॉवेल. निर्यातदार यायचे आणि म्हणायचे, साहेब, कव्हरला कशाला पैसे घालवायचे? मी त्यांना त्या जपानी कारखानदाराची गोष्ट सांगायचो. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. निर्यात करणाऱ्यांना ते फळले, पण ज्यांनी परदेशी चलनात मशिनरीचे कर्ज घेतले होते त्यांचा हप्ता एका आठवड्यात फुगला. ज्यांनी कव्हर घेतले होते ते शांत झोपले.

जपानचे नुसते गोडवे गाऊन मी खाली बसणार नाही. तिथे जे आवडले नाही तेही सांगतो. रात्री साडेनऊला लोकलमध्ये उभ्या-उभ्या झोपलेले पुरुष मी रोज पाहिले. काचो घरी गेल्याशिवाय हाताखालचे उठत नसत आणि काचो त्यांच्या वरचे गेल्याशिवाय. अतिकामाने मरण येणे याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, 'कारोशी'. ज्या समाजाला असा शब्द तयार करावा लागतो त्याच्या शिस्तीची किंमत आपण समजून घेतली पाहिजे. बायकांचे तर विचारूच नका. आमच्या सेक्शनला पाच मुली होत्या, युनिफॉर्ममध्ये. हुशार होत्या, पण चहा त्यांनीच द्यायचा, आणि लग्न झाले की नोकरी सोडायची अशी सर्वांची अपेक्षा. नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा तिथे १९८५ मध्येच झाला आणि १९८६ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याच वर्षी आमच्या पुण्याच्या शाखेत एक बाई अकाउंटंट होत्या आणि मी त्यांच्याकडून रजा मंजूर करून घेत होतो. हे मी ओसाकात सांगितले तेव्हा त्या पाच मुलींनी मला तीन वेळा तेच परत विचारले.

आणि तीच गंभीर माणसे ऑक्टोबरमध्ये एका रात्री रस्त्यावर नाचली. हान्शिन टायगर्स हा तिथला बेसबॉलचा संघ १९६४ नंतर पहिल्यांदा लीग जिंकला. दोतोन्बोरी कालव्यात लोकांनी उड्या मारल्या, आणि एका चिकन रेस्टॉरंटच्या दारातला कर्नल साहेबांचा पुतळाही आत ढकलला! तो २००९ मध्ये सापडला. गणपती विसर्जनाची मिरवणूक पाहिलेल्या माणसाला त्या रात्री मुळीच परके वाटले नाही.

आता आजची गोष्ट. मी बँकेच्या खर्चाने गेलो, पगार इथे चालू, परत आल्यावर खुर्ची तयार. आजचा शिकाऊ तसा जात नाही. हे नीट समजून घ्या.

जपानमध्ये दर शंभरात एकोणतीस माणसे पासष्ट वर्षांपुढची आहेत. तरुण हात कमी. १९९३ मध्ये त्यांनी परदेशी शिकाऊंसाठी 'टेक्निकल इंटर्न' योजना सुरू केली. म्हणायला उद्देश असा की विकसनशील देशांतल्या मुलांनी कौशल्य शिकून परत जावे. प्रत्यक्षात कारखाने, शेते, बांधकामे यांना मजूर मिळाले. आपल्या सरकारने या योजनेसाठी २०१७ मध्ये करार केला. यात मोठी अडचण ही की शिकाऊला मालक बदलता येत नाही. मालक चांगला निघाला तर ठीक, नाहीतर अडकला. जपानच्याच इमिग्रेशन खात्याने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त शिकाऊ कर्ज काढून आलेले आढळले. डोक्यावर कर्ज आणि मालक बदलायची मुभा नाही, मग माणूस पळून जातो. २०२३ या एका वर्षात नऊ हजारांहून जास्त शिकाऊ कामावरून बेपत्ता झाले. शेवटी २०२४ मध्ये त्यांच्या संसदेने ही योजना बंद करायचा कायदा केला. तिच्या जागी २०२७ पासून नवी योजना येते आहे, त्यात काही अटींवर मालक बदलता येईल.

दुसरा रस्ता २०१९ मध्ये सुरू झाला, 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर'. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मधला. यात आधी जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते. वृद्धसेवा, शेती, बांधकाम, हॉटेल अशी ठरावीक क्षेत्रे आहेत. पगार त्याच कामाच्या जपानी माणसाइतका द्यावा लागतो आणि त्याच क्षेत्रात नोकरी बदलता येते. पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षे राहता येते, कुटुंब नेता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी ठरवले आहे की पाच वर्षांत भारतातून पन्नास हजार कुशल लोक जपानला जावेत. म्हणजे संधी खरी आहे, थाप नाही. आणि जिथे खरी संधी असते तिथेच दलाल जमतात.

मी त्या मुलीच्या वडिलांबरोबर जो हिशेब केला तो तुम्हाला सांगतो. समजा करारात महिना १ लाख ८० हजार येन लिहिले आहेत. कर, आरोग्य विमा, पेन्शन आणि खोलीचे भाडे कापून हातात १ लाख ३० किंवा ३५ हजार. खाणे, फोन, प्रवास, थंडीचे कपडे जाऊन जपून राहिली तर ७० हजार येन उरतील. आज १०० येनला ५५ ते ६० रुपये मिळतात. म्हणजे शिल्लक साधारण ४० हजार रुपये. एजंटाला द्यायला साडेचार लाखांचे कर्ज १३ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी काढले तर हप्ता २१ हजारांच्या वर. दोन वर्षे निम्म्याहून जास्त शिल्लक एजंटासाठी! आणि उत्पन्न येनमध्ये, कर्ज रुपयांत. २०१२ मध्ये १०० येनला ६५ रुपयांहून जास्त मिळत होते. तेव्हापासून आपला रुपया डॉलरपुढे एवढा घसरला, तरी येनला आज त्याहून कमी मिळतात. म्हणजे येन त्याहून जोरात पडला. सेन्शूच्या टॉवेलवाल्याला येन चढल्याने फटका बसला, आपल्या मुलीला येन उतरल्याने बसेल. हप्ता मात्र तोच राहणार.

म्हणून माझे सांगणे एवढेच, आणि हे लिहून घ्या.

पहिले, एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदवलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या सरकारी यादीत बघा. शिकाऊ योजनेत पाठवणारी संस्था एन.एस.डी.सी. ने मान्य केलेली हवी. नोंदणी असलेल्या एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढेच घेता येते. जो लाखांची भाषा करतो त्याला पावती मागा. पावतीचा शब्द काढला की बरेच जण आपोआप जातात.

दुसरे, करार मुलीला समजणाऱ्या भाषेत हातात घ्या. मूळ पगार किती, ओव्हरटाइम किती, खोलीचे भाडे किती, ठिकाण कोणते, हे चार आकडे बघितल्याशिवाय सही नाही. तिथले किमान वेतन प्रत्येक प्रांताचे वेगळे असते. पगाराला तासांनी भागून बघा.

तिसरे, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. 'सांभाळायला आमच्याकडे द्या' असे कोणी म्हटले तरी नाही.

चौथे, पेन्शनचे पैसे कापले जातात ते विसरू नका. परत आल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर त्यातला काही भाग एकरकमी मिळू शकतो. बरेच जण अर्जच करत नाहीत आणि हक्काचे पैसे तिथेच राहतात.

पाचवे आणि सर्वात महत्त्वाचे, भाषा. जपानी भाषेची परीक्षा पुण्यातच देता येते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. साडेचार लाख एजंटाला देण्यापेक्षा त्याच्या दहाव्या हिश्श्यात वर्षभर चांगला क्लास लागतो. आजारी म्हाताऱ्या माणसाला कुठे दुखतेय ते विचारता आले पाहिजे, त्याने सांगितलेले कळले पाहिजे. हात कितीही मायेचे असले तरी त्याला भाषेशिवाय इलाज नाही.

आता एक आपल्या घरगुती कामाची गोष्ट सांगून संपवतो. ओसाकात हॉस्टेलच्या गल्लीत 'काइरानबान' फिरायचा. पाटीला लावलेली नोटीस, एका घरातून शेजारच्या घरात हातोहात जायची. वाचली की आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या दारावर नेऊन द्यायची. कचऱ्याचे दिवस, रस्ता झाडायची पाळी, कुणाच्या घरी कोण गेले. त्या निमित्ताने रोज शेजाऱ्याचे दार वाजायचे. आपला व्हॉट्सॲप ग्रुप वेगवान आहे, पण त्यात दार वाजत नाही. ही पंचवीस वर्षे आपण पाण्याचे टँकर, लिफ्ट, पार्किंग यावरून भांडलो आणि कोविडमध्ये एकमेकांच्या दारात डबेही ठेवले. उद्या आपली मुले दूर देशी जातील तेव्हा मागे राहिलेल्या आई-वडिलांचे दार वाजवायचे काम आपल्याच सोसायटीचे आहे. दुसऱ्याच्या आईवडिलांची सेवा करायला आपली मुलगी समुद्रापलीकडे जात असेल, तर तिच्या आईवडिलांना औषध आणून द्यायला शेजारी आहेत, एवढा भरवसा तिला इथून निघताना मिळाला पाहिजे.

त्या मुलीचे काय झाले, असे भाषणानंतर अनेकांनी विचारले, म्हणून स्मरणिकेसाठी लिहितो. त्या एजंटाने पावती द्यायचे टाळले, तेव्हा वडिलांनी त्याला नकार दिला. तिने जपानीचा क्लास लावला आहे आणि परीक्षेची तयारी करते आहे. जाणारच असे तिचे म्हणणे आहे. आईचा जीव अजून तयार होत नाही. दोघींचेही बरोबर आहे.

ज्यांना असा करार किंवा कागद तपासून हवा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे यावे. फी नाही, चहा मिळेल. मात्र सही करण्याआधी या, नंतर नको.